घशात काहीच नव्हतं

मे महिन्यात आमच्याकडच्या गाई आंब्याच्या कोयी गिळतात. झाडाखाली पडलेला आंबा अख्खा तोंडात घ्यायचा, गर चोखायचा, कोय घशात अडकवून घ्यायची आणि लाळ गाळत मालकाच्या दारात उभं राहायचं, हा त्यांचा दरवर्षीचा उद्योग. मी एटापल्ली तालुक्यात पशुधन विकास अधिकारी आहे. पदाचं नाव लांबलचक आहे, बाकी सगळं तोकडं. एक्केचाळीस गावं, माझी स्वतःची दुचाकी आणि एक परिचर होता, तो मार्चमध्ये निवृत्त झाला. त्याची जागा अजून रिकामीच आहे. त्यामुळे मे महिन्यात कुणाचाही फोन आला की, "म्याडम, गाईच्या घशात कोय फसली," तर माझं उत्तर ठरलेलं असायचं.

"सुकरीबाईले बोलवा."

सुकरीबाई ताडटोल्याची. पन्नाशीची माडिया बाई, उंचीला माझ्या खांद्याइतकी. तिचा हात दहा वर्षांच्या पोरीएवढा आहे. आजूबाजूच्या सात-आठ टोल्यांत, म्हणजे वाड्यांत, गाय-बैल गुदमरायला लागला की माणसं तिलाच न्यायला येतात. एक जण शिंगं धरतो, एक जण जीभ बाहेर ओढून बाजूला दाबून ठेवतो. मग सुकरीबाई कोपरापर्यंत मोहाचं तेल चोपडते, हात घशात घालते, डोळे मिटते आणि कोय घेऊन बाहेर येते. माझ्याकडे पाच वर्षांची पदवी आहे आणि खांद्यापर्यंतचे हातमोजे आहेत. पण माझा हात त्या घशात शिरतच नाही.

या व्यवस्थेचा मला अभिमान होता. लपवत नाही. गेल्या हिवाळ्यात गडचिरोलीला एक मोठी बैठक झाली. माणूस, जनावर आणि जंगल यांचं आरोग्य एकच आहे, तेव्हा आरोग्य खातं, आमचं खातं आणि वन खातं यांनी हातात हात घालून काम करायचं, असा तिचा विषय. मागे मोठा फलक, पुढे पाण्याच्या बाटल्या. तिथे मी सुकरीबाईबद्दल पाच मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला आणि 'एक आरोग्य समन्वय' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला. चौसष्ट जण त्यात आहेत. हात कुणाच्याच हातात नाही.

यंदा दहा दिवसांत मला असे तीन फोन आले. आधी लटारूभाऊंची तांबडी गाय, मग पलीकडच्या टोल्यावरचा डोमाचा बैल, मग अंकुशची गाय. मी तिन्ही वेळा लसीकरणाच्या कामात दुसऱ्या टोकाला होते आणि तिन्ही वेळा सुकरीबाईला पाठवलं. दुसऱ्या वेळेनंतर तिनेच कुणाच्या तरी फोनवरून मला कळवलं होतं.

"म्याडम, घशात काईच नाई. पुरा हात टाकला. काईच लागत नाई."

"गिळली असन मंग," मी म्हटलं. "थोडं तेल पाजून ठेवा."

आता हे लिहितानाही माझं डोकं फिरतं. कॉलेजात आम्हाला ओरडून ओरडून शिकवलेलं असतं. लाळ गाळणारं जनावर दिसलं की आधी रेबीजचा संशय घ्यायचा, मग बाकी सगळं. मालक म्हणेल घशात काही अडकलंय, तरी हातमोजा घातल्याशिवाय तोंडाजवळ जायचं नाही. मला ते पाठ होतं. परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले होते.

चौथा फोन पुन्हा लटारूभाऊंचा आला. तांबडी मेली होती. आता तिच्याच जोडीची काळी गाय लाळ गाळत होती. "आन् म्याडम, हंबरते त आवाज फाटल्यावानी येते. झाडाले टकरा देते." माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी डबा बंद केला आणि दुचाकी काढली.

पोचले तेव्हा काळीला मोहाच्या झाडाला बांधलं होतं. मागचा एक पाय ओढत होती, मान वाकडी, घसा बसलेल्या माणसासारखं मधूनच ओरडत होती. समोर सुकरीबाई हाताला तेल लावत होती आणि लटारूभाऊंची बहीण रुखमाबाई जीभ धरायला पुढे सरकली होती.

"हात मागे!" मी अशी किंचाळले की टोल्यातली कोंबडी पळाली. "कोणीच हात नका लावू!"

सुकरीबाई थांबली. मी तिचा उजवा हात धरून पाहिला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक ओरखडे होते, काही जुने, काही खपली धरलेले, दोन अगदी ताजे. गाईचे दात लागतात, दरवर्षी लागतात, तिला त्याचं काही वाटत नाही.

"सुकरीबाई, गाय पिसाळली हाये. तांबडीबी पिसाळलेलीच होती. बैलबी."

"कुत्रं त नाई चावलं त्याहिले," लटारूभाऊ म्हणाले.

"मंग काय चावलं?"

चैतू नावाचा एक तिशीचा माणूस होता, तो जमिनीकडे बघायला लागला. सगळे काही ना काही करत असताना एखादाच जमिनीकडे बघत असला की समजावं, उत्तर त्याच्याकडे आहे. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कोल्हा आलता," शेवटी तो म्हणाला. "दीड मईना झाला. भर दुपारी गोठ्यात शिरला, गाईच्या नाकाले चावला. मी काठीनं मारला त मेला. मंग फारेष्टवाले परफुलभाऊ आले, घेऊन गेले. कोनाले सांगू नको म्हने, वन्यजीवाची केस होते."

म्हणजे दीड महिन्यापूर्वी वन खात्याला ठाऊक होतं की इथे दिवसाढवळ्या कोल्हा येऊन जनावरांना चावतो. त्या बीटचं, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीचं, ऑफिस माझ्या दवाखान्यापासून चालत सात मिनिटांवर आहे. मी दर दोन दिवसांनी त्याच्यासमोरून जाते.

त्याच दुपारी सुकरीबाईला मागे बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर आदेश तिथे वैद्यकीय अधिकारी आहे. माझ्यापेक्षा लहान, कामाला चोख, वाईट माणूस अजिबात नाही. हे मुद्दाम सांगते, कारण या सगळ्या प्रकरणात मला वाईट माणूस सापडलाच नाही. सापडला असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर एकदाचं ओरडून तरी घेतलं असतं.

त्याने लसीचा पहिला डोस लगेच दिला. मग हात बघून गंभीर झाला. "ताज्या जखमांवर लाळ लागली आहे. हिला नुसती लस पुरणार नाही. जखमांमध्ये सीरम टोचायला हवं. ते माझ्याकडे नाही, गडचिरोलीलाच मिळेल. आणि लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत. त्यानंतर देऊन उपयोग नाही."

"मग दे चिठ्ठी."

त्याने कॉम्प्युटर सुरू केला. सीरमसाठी पाठवायचं तर माहिती त्यात भरावी लागते. प्राणी कोणता? कुत्रा, मांजर, माकड, इतर. गाय नव्हती. त्याने 'इतर' दाबलं. चावा? नाही. कच्चं दूध प्यायलं का? हा प्रश्न ऐकून सुकरीबाई हसली. त्यांच्याकडे गाय पिळतच नाहीत, दूध वासराचं असतं.

"म्हणजे चावा नाही, दूध नाही," आदेश पुटपुटला. "आता हे म्हणतंय, संपर्क झालेला नाही."

"त्याले म्हना, मी पुरा हात टाकला होता," सुकरीबाई म्हणाली.

पण ते म्हणायला तिथे जागा नव्हती. खाली लाल अक्षरांत आलं, 'इतर' प्राण्यासाठी पशुवैद्यकीय विभागाचं प्रमाणपत्र जोडावं. आदेश माझ्याकडे पाहून जरा सुटकेने म्हणाला, "तुमचाच विभाग आहे. एक प्रमाणपत्र द्या, झालं."

मलाही वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी काळी मेली. मी मेंदूचा नमुना काढला, बर्फाच्या डब्यात भरला आणि नागपूरला जाणाऱ्या गाडीत स्वतः ठेवला. प्रमाणपत्रावर जिल्ह्याच्या साहेबांची सही लागते, म्हणून मग त्यांना फोन केला. ते म्हणाले, "पुनम, तपासणीचा अहवाल आल्याशिवाय रेबीज असं लेखी कसं देणार? उद्या अहवाल उलटा आला तर?" खरं होतं. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला, नमुना मिळाला, पण सोबतचं पत्र जुन्या फॉर्मवर आहे, नव्या फॉर्मवर पाठवा, मग तपासायला घेऊ. तेही खरंच असेल. चौथ्या दिवशी साहेबांनी सुचवलं की वन खात्याने लेखी दिलं, कोल्हा संशयित होता म्हणून, तर त्या आधारावर काहीतरी करता येईल.

मी सात मिनिटं चालत बीटच्या ऑफिसात गेले. प्रफुल वनरक्षक आहे. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला पोरगा, वडील वीज केंद्रात होते. जंगलात नोकरी लागली तेव्हा त्याची आई महिनाभर जेवली नाही, असं तोच हसत सांगतो. त्या दिवशी हसला नाही. कपाटातून त्याने पंचनामा काढून दाखवला. 'कोल्हा, नर, मृत्यूचे कारण नैसर्गिक, जागेवर दहन.' त्याच्याखाली आणखी तीन होते. दीड महिन्यात चार कोल्हे नैसर्गिकरीत्या मेले होते.

"चार?" मी म्हटलं. "चार कोल्हे मेले आन् तुले काई वाटलं नाई?"

"वाटलं ना, म्याडम. पन काठीनं मारला लिहिला असता त चैतू आतमधी गेला असता. दोन लेकरं हायेत त्याले. आन् कोल्हा पिसाळला होता, हे मी कसं लिहू? मी काय डॉक्टर हाओ?"

"मले सांगायचं होतं."

"तुमाले सांगाचं, असं कुठीच लिवलेलं नाई," तो म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. त्याने खरंच शोधलं असावं.

"आता लिहून दे."

"आता लिहिलं त पयला पंचनामा खोटा ठरते. माही नोकरी जाईन." त्याने कागद परत कपाटात ठेवले. हे बोलताना तो सारखा डावा तळहात पँटला पुसत होता. मी रागाने निघून आले.

मग मी तो ग्रुप उघडला. चौसष्ट जण, तिन्ही खात्यांचे. सुकरीबाईचं नाव न घालता सगळं सविस्तर लिहिलं. जनावरं किती, कोल्हे किती, सीरमला किती दिवस उरलेत, कोणता कागद कुणाकडे अडलाय. लिहायला पाऊण तास लागला. उत्तरादाखल एक वर केलेला अंगठा आला, एकदा जोडलेले हात आले. एका वरिष्ठांनी लिहिलं, "संबंधितांनी नोंद घ्यावी." संबंधित कोण, तर आम्ही चौसष्टच्या चौसष्ट. त्यानंतर कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि माझा मजकूर चाळीस गुलदस्त्यांच्या खाली गेला. मी फोन आपटला. मग उचलून काच बघितली, कारण दुसरा घेणं परवडणार नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी मी आदेशसमोर जाऊन बसले. मला झोप नव्हती, त्यालाही नसावी.

"कुत्रा लिही," मी म्हटलं.

"काय?"

"कुत्रा चावला लिही. कुत्र्याला कुणाचंच प्रमाणपत्र लागत नाही ना? मग लिही. उद्या सातवा दिवस आहे."

त्याने कीबोर्ड जवळ ओढला. मग त्याने 'इतर' काढलं आणि 'कुत्रा' केलं. चिठ्ठी दोन मिनिटांत छापून आली. सहा दिवस जो कागद मिळत नव्हता तो गरम गरम माझ्या हातात होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण मेल्या गाई, चार कोल्हे, सगळं त्या एका शब्दाने पुसलं गेलं होतं, हे मला कळत होतं. आदेशलाही कळत होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्याच सकाळी सुकरीबाईला घेऊन गडचिरोलीच्या एसटीत बसले तेव्हा मी तिला पढवून ठेवलं. "कोनी विचारलं त कुत्रं चावलं म्हनजो. बाकी काई बोलू नको." तिने मान हलवली. आमच्याकडे मान हलवणं म्हणजे होकार असतोच असं नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. चार तासांचा रस्ता, खनिजाच्या ट्रकांनी उखडलेला. ती खिडकीचा गज धरून पूर्ण वेळ बाहेर बघत होती.

गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात खिडकीवरच्या कारकुनाने चिठ्ठी वाचली. "कुत्रा चावला. कुठे चावला, आजी?"

"कुत्रं नाई चावलं मले," सुकरीबाई म्हणाली.

मी मागून तिला चिमटा काढला.

"चिमटा काऊन घेऊन राह्यली?" ती मोठ्याने म्हणाली. रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. "मले कुत्रं चावलंच नाई. मी गाईच्या तोंडात हात टाकला. तिले कोल्हा चावलता."

"पण इथे कुत्रा लिहिलंय," कारकून म्हणाला. मग त्याने चिठ्ठी परत सरकवली. "हे चुकीचं आहे. दुरुस्त करून आणा."

दुरुस्त करून आणा. चार तास जाणं, चार तास येणं, आणि मध्ये पुन्हा तोच लाल अक्षरांचा पडदा. मी सुकरीबाईला बाजूला ओढलं आणि इतक्या दिवसांचा सगळा राग त्या बिचारीवर काढला. "तुले जीव प्यारा नाई का? इतकंसं खोटं बोलाले काय झालं? मी तुह्यासाठी मरमर मरून राह्यली आन् तू!"

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुत्र्याचं नाव घेतलं असतं, त उद्या गाडी आली असती. टोल्यातले सारे कुत्रे मारले असते. रातच्याले बिबट आला त मंग भुंकन कोन? कुत्र्यानं का केलं?"

मी तिथेच बाकावर बसून रडायला लागले. अधिकारी बाई दवाखान्याच्या बाकावर भोकाड पसरून रडत असली की लोक जमतात. जमले. त्यात एक डॉक्टरीणबाई आल्या, डॉक्टर मयुरी. त्या विभागाच्या प्रमुख होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला काही विचारलं नाही. खाली वाकून सुकरीबाईचा हात बघितला आणि तिलाच विचारलं, "किती जनावरांच्या तोंडात हात घातला, बाई?"

"तीन. चवथीले या म्याडमनं थांबवलं."

"एकटीनेच?"

"एकटीनं कसं होईन? जनावर धराले मानसं लागतेत."

"कोण कोण होतं?"

सुकरीबाई बोटांवर मोजायला लागली. लटारूच्या गाईला लटारू, चैतू, रुखमा. डोमाच्या बैलाला डोमा, त्याची दोन भावंडं, आणि रस्त्याने जाणारा फारेष्टचा प्रफुल, त्याने शिंगं धरली, हाताला लाळ लागली तर पँटला पुसली. अंकुशच्या गाईला अंकुश, त्याची बायको, त्याचा सासरा. आणि जीभ धरायला तिन्ही वेळा लटारूची सून ललिता. डॉक्टर मयुरी कुणाच्या तरी तपासणीच्या कागदाच्या पाठीवर लिहीत होत्या. अकरा नावं झाली.

सहा दिवस मी पत्रं लिहिली, फोन केले, तीन खात्यांचे उंबरे झिजवले. जनावरं किती, ते सगळ्यांना विचारलं. जनावर धरलं कुणी होतं, हे सुकरीबाईला एकदाही विचारलं नाही. मीच बैठकीत टाळ्या घेताना सांगितलं होतं की तिच्यासोबत दोघं-तिघं लागतात. लाज वाटली, आणि लाजेहून जास्त चीड आली, स्वतःची.

डॉक्टर मयुरींनी चिठ्ठीवरचं 'कुत्रा' खोडलं, 'गाय' लिहिलं आणि खाली सही केली. "सीरम काढा," त्यांनी सिस्टरला सांगितलं. पाच मिनिटं लागली असतील. मला त्या सहीकडे बघून आनंदही झाला आणि ती हिसकून फाडून टाकावीशीही वाटली. इतकं सोपं होतं तर मग सहा दिवस आम्ही काय करत होतो?

आणि तेव्हा सुकरीबाईने हात मागे घेतला.

"पयले त्याहिले द्या."

"त्यांना देऊच," डॉक्टर म्हणाल्या. "पण ते इथे नाहीत. तुम्ही आहात."

"मी बलावलं म्हनून ते आले. मी धरा म्हटलं म्हनून त्याहिनं धरलं. मी सुई घेऊन घरी जाऊ आन् ते तसेच बसन का? मंग टोल्यात माह्यं तोंड कोन पाहीन?"

मी पुन्हा ओरडणार होते. डॉक्टर मयुरींनी मला हाताने थांबवलं आणि आपला फोन काढला. तिच्यासमोरच त्यांनी आदेशला फोन लावला, आवाज मोठा केला आणि एकेक नाव वाचून दाखवलं. आदेश पलीकडून लिहून घेत होता. त्याच्याकडे लस पाच जणांपुरतीच होती. बाकीची संध्याकाळच्या गाडीने पाठवते, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग मी प्रफुलला फोन केला. त्याचंही नाव यादीत आहे, असं सांगितलं.

"डाव्या तळव्याले ओरखडा होता, म्याडम. काट्याचा. दहा दिवस झाले, मी कोनाले सांगितलं नाई."

"काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं त कोल्ह्याचं निघालं असतं." मग म्हणाला, "मी गाडी काढतो. साऱ्याहिले आरोग्य केंद्रात नेऊन टाकतो. जे होईन ते होईन."

दीड तासाने त्याचा फोन आला. दहा जण गाडीत बसले होते, तो स्वतः धरून. ललिता नव्हती. ती आठ दिवसांपूर्वीच माहेरी गेली होती, इंद्रावतीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या बाजूला. तिचा फोन लागत नव्हता. माझा तिच्याशी संबंधच आला नव्हता. मी पोचायच्या आधीच ती निघून गेली होती आणि कुणाच्याही कागदावर नव्हती. प्रफुल म्हणाला, यांना पोचवून मी नदी ओलांडतो, गाव मला ठाऊक आहे. उशीर झाला आहे, पण अजून वेळ गेलेली नाही, असं डॉक्टर मयुरींनी त्याला सांगितलं. त्या सुराने मला काही धीर आला नाही.

सुकरीबाईने सगळं ऐकलं आणि मग हात पुढे केला. सीरम प्रत्येक ओरखड्याच्या कडेने टोचावं लागतं. त्या एवढ्याशा हातावर चौदा ठिकाणी सुई गेली. हात सुजत गेला. ती सुईकडे बघत नव्हती, माझ्या फोनकडे बघत होती. मी ललिताचा नंबर लावत होते आणि दर वेळी तीच बाई, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती, असं सांगत होती.

"दुखून राह्यलं का?" मी विचारलं.

"जीभ ललिताच धरते," ती म्हणाली. "दोन्ही हातानं. तिचे हात माह्यापेक्षा लहान हायेत. बोटं दातात जाते तिचे, पन सोडत नाई. पुढच्या साली हात टाकाले तिलेच शिकवनार होती मी."

सिस्टरने पट्टी बांधली. सुकरीबाईने डाव्या हाताने माझ्या हातातला फोन घेतला आणि नंबर पुन्हा लावायला सांगितलं. मी लावला.